हृदय विसावतं तेव्हा रक्त कोण चालवतं?

प्रश्न असा आहे: "आई ६८ वर्षांची आहे. गेले काही महिने तिचं बीपी १६०/७० च्या आसपास येतंय. घरात सगळे म्हणतात की वरचा आकडा वयाप्रमाणे वाढतोच, खालचा चांगला आहे म्हणजे हृदय ठणठणीत आहे. हे खरं का? मुळात हे दोन आकडे कशाचे? आणि दोन ठोक्यांच्या मध्ये हृदय थांबतं तेव्हा रक्तही थांबतं का?"

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीच्या दोन्हींची उत्तरं त्यातच दडलेली आहेत. नाही, रक्त थांबत नाही. हृदय आवळतं, सैल पडतं, पुन्हा भरायला लागतं आणि त्या सगळ्या वेळात रक्त पुढे जातच राहतं. हृदय सैल असताना ते पुढे नेण्याचं काम धमन्या करतात. बीपीचा खालचा आकडा त्या कामाबद्दल बोलतो. म्हणून "खालचा चांगला म्हणजे हृदय चांगलं" हा हिशेब चुकतो, आणि तुमच्या आईंच्या वयात तर तो उलटाही पडू शकतो. हृदयरोगाच्या ओपीडीत इतकी वर्षं बसतोय, पण हा गैरसमज भेटला नाही असा आठवडा जात नाही. त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

नाडी मिनिटाला ७५ असेल तर एका ठोक्याच्या वाट्याला ०.८ सेकंद येतात. त्यातले साधारण ०.३ सेकंद हृदयाचे खालचे दोन कप्पे, म्हणजे निलय, आवळलेले असतात. उरलेला अर्धा सेकंद ते सैल असतात आणि रक्ताने भरत असतात. दिवसाचा हिशेब केला तर चोवीसपैकी पंधरा तास हृदय सैल असतं. डावा निलय दर ठोक्याला ७० मिलिलिटरच्या आसपास रक्त महाधमनीत, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या सर्वांत मोठ्या धमनीत, ढकलतो, म्हणजे मिनिटाला सुमारे पाच लिटर. मोठ्या माणसाच्या शरीरात एकूण रक्तही जवळपास तेवढंच असतं. विल्यम हार्वे यांनी १६२८ साली रक्ताभिसरण मांडलं ते अशाच हिशेबाच्या जोरावर. अर्ध्या तासात हृदयातून जितकं रक्त बाहेर पडतं तितकं अख्ख्या शरीरात नसतं, तेव्हा तेच रक्त फिरून परत येत असलं पाहिजे.

स्टेथोस्कोपमधून जे 'लब-डब' ऐकू येतं ते झडपा मिटण्याचे आवाज. वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या झडपा मिटतात तेव्हा 'लब'. निलय रक्त ढकलून मोकळे झाले, ते रक्त मागे वळू पाहतं आणि महाधमनी व फुप्फुसधमनीच्या तोंडच्या झडपा मिटतात, तेव्हा 'डब'. तुमच्या प्रश्नासाठी हा 'डब' महत्त्वाचा आहे. तिथून पुढच्या ठोक्यापर्यंत हृदय आणि महाधमनी यांच्यातलं दार बंद असतं. डाव्या निलयातला दाब १२० वरून थेट दहाच्या खाली घसरतो. दाराच्या पलीकडे, महाधमनीत, तो उतरतो पण ८० च्या आसपास जाऊन थांबतो.

हे ८० आले कुठून? हृदय तर त्या क्षणी काहीच ढकलत नाही.

ते येतात महाधमनीच्या भिंतीतून. ७० मिलिलिटर रक्त एका दमात आत शिरतं तेव्हा ते सगळं लगेच पुढे जाऊ शकत नाही, कारण पुढच्या वाटा अरुंद आहेत. जवळजवळ निम्मं रक्त महाधमनीत आणि तिच्या मोठ्या फांद्यांमध्ये सामावतं आणि त्यांच्या भिंती ताणल्या जातात. हृदय सैल पडलं की ताणलेली भिंत मूळ जागी यायला लागते आणि साठवलेलं रक्त पुढे रेटते. मागचं दार बंद असल्याने रक्ताला पुढेच जावं लागतं. हार्मोनियम वाजवताना पाहिलं असेल तर हे लगेच कळेल. भाता मारणारा हात मागे जातो तेव्हाही सूर तुटत नाही, कारण पेटीच्या आत आणखी एक भाता असतो. तो बाहेरच्या भात्यातली हवा साठवतो आणि स्प्रिंगच्या दाबाने स्वरांना सारखी पुरवत राहतो. महाधमनी हा शरीराचा आतला भाता आहे.

स्टीव्हन हेल्स नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाने हे फार लवकर ओळखलं होतं. त्याने एका घोडीच्या धमनीला काचेची उंच नळी जोडली आणि रक्त हृदयाच्या पातळीपासून ८ फूट ३ इंच चढलेलं पाहिलं. १७३३ साली त्याने हे छापलं. मला त्या नोंदीतलं सर्वांत मोलाचं वाटतं ते वेगळंच. वर चढलेलं रक्त प्रत्येक ठोक्याला फक्त दोन ते चार इंच वर-खाली होत होतं, तळाशी कोसळत नव्हतं. हृदय तुटक काम करतं आणि रक्ताचा दाब मात्र टिकून राहतो, हे तिथे डोळ्यांना दिसलं. त्या काळच्या आगीच्या बंबात पाण्याची धार तुटू नये म्हणून हवेची कोठी बसवत असत. धमन्या तेच काम करतात, असं हेल्सने लिहिलं. १८९९ साली ओटो फ्रँक यांनी याला गणितात बसवलं.

आता तुमच्या आकड्यांकडे येऊ. वरचा आकडा म्हणजे हृदय रक्त ढकलत असताना धमनीतला कमाल दाब. खालचा म्हणजे पुढचा ठोका पडण्याच्या अगदी आधी धमनीत उरलेला दाब. दंडाला बांधलेला पट्टा फुगवून धमनी पूर्ण दाबतात आणि हळूहळू हवा सोडतात. वरच्या आकड्यापाशी रक्ताचा पहिला ठोका पट्ट्याखालून निसटतो आणि आवाज सुरू होतो, खालच्या आकड्यापाशी धमनी पूर्ण वेळ उघडी राहायला लागते आणि आवाज थांबतो. निकोलाय कोरोत्कॉव्ह या रशियन शल्यचिकित्सकाने १९०५ मध्ये हे आवाज सांगितले आणि अजूनही आम्ही तेच ऐकतो. आकडे पाऱ्याच्या उंचीचे असतात, मिलिमीटरमध्ये. पाऱ्याच्या जागी रक्तच चढवलं असतं तर १२० म्हणजे पाच फुटांहून थोडी जास्त उंची झाली असती. मनगटाएवढ्या जागेतून पाच फुटांचं कारंजं उडावं इतका हा जोर आहे, आणि तो दिवसरात्र भिंतींवर पडत असतो.

तो सोसणारी भिंत वयाप्रमाणे बदलते. शिकत असताना शवविच्छेदनाच्या टेबलावर एकाच आठवड्यात दोन महाधमन्या माझ्या हातात आल्या होत्या. एक विशीतल्या तरुणाची होती. फिकट पिवळसर, आतून ओल्या रेशमासारखी गुळगुळीत. दोन बोटांत धरून ताणली की लांबायची, सोडली की पट्‌कन जागेवर यायची. दुसरी ऐंशीच्या घरातल्या बाईंची. ती रुंद झाली होती, जरा वाकडीही झाली होती. ताणून पाहिली तर हलेचना. कात्री चालवली तेव्हा अंड्याचं कवच फुटावं तसा कुरकुर आवाज आला आणि कापलेल्या कडेला चुन्याच्या पापुद्र्यासारखे कॅल्शियमचे तुकडे लागले. कुठल्याही पाठ्यपुस्तकाने मला बीपी जितकं समजावलं नव्हतं तितकं त्या दोन तुकड्यांनी समजावलं.

भिंतीला हा लवचीकपणा देतात इलास्टिनचे धागे. शरीर यातलं बहुतेक इलास्टिन वाढीच्या वयातच तयार करतं. पुढे ते धागे झिजले, तुटले तर नवे जवळपास बनत नाहीत, त्यांची जागा कोलॅजन घेतं, आणि कोलॅजन चिवट असलं तरी ताणत नाही. दिवसाला एक लाख ठोके धरले तर तुमच्या आईंच्या महाधमनीने आजवर सुमारे २५० कोटी वेळा ताणून पुन्हा मूळ जागी येण्याचं काम केलं आहे. मधुमेह, धूम्रपान, वर्षानुवर्षं वाढलेलं बीपी आणि मूत्रपिंडाचे आजार ही झीज आणखी वेगाने घडवतात.

कडक भिंत ताणत नाही, म्हणून तेच ७० मिलिलिटर रक्त आत शिरताना दाब उंच उडतो आणि वरचा आकडा वाढतो. ताणलीच नाही म्हणून साठाही कमी होतो, मागून रेटायला काही उरत नाही, आणि हृदय सैल असताना दाब जास्त खाली येतो, म्हणजे खालचा आकडा उतरतो. यात आणखी एक भर पडते. हृदयाच्या धक्क्याने धमन्यांच्या भिंतीत एक लाट उठते. मनगटावर नाडी म्हणून जी लागते ती ही लाट, ते काही नुकतंच हृदयातून निघालेलं रक्त नव्हे. तरुण महाधमनीत ही लाट सेकंदाला पाच-सहा मीटर धावते, धमन्यांच्या फाट्यांवर आपटून परतते आणि हृदयापाशी पोचते तोवर हृदय सैल पडलेलं असतं. परतणारी लाट मग खालच्या दाबाला आधार देते. कडक धमनीत तिचा वेग दुपटीपर्यंत जातो. ती फार लवकर परतते, हृदय अजून ढकलतच असतं आणि त्याला समोरून धक्का बसतो. वरचा आकडा अजून चढतो आणि खालच्याला मिळणारा आधार जातो.

म्हणून पन्नाशी-साठीनंतर बहुतेकांचा वरचा आकडा चढत जातो आणि खालचा उतरत जातो. खालचा ७० पाहून घरच्यांना दिलासा वाटला, पण मला त्यात दोन आकड्यांमधलं ९० चं अंतर दिसतं. निरोगी तरुणात ते ४० च्या आसपास असतं. सरासरी दाब काढला, म्हणजे खालच्या आकड्यात अंतराचा एक तृतीयांश मिळवला, तर आईंचा येतो १००. १२०/८० वाल्याचा येतो ९३. सरासरीत फरक थोडाच आहे, हिसका मात्र दुपटीहून मोठा आहे. मेंदू आणि मूत्रपिंड यांना रक्त भरपूर आणि सतत लागतं, त्यामुळे त्यांच्या वाटा मोकळ्या असतात, आणि हा हिसका तिथल्या नाजूक वाहिन्यांपर्यंत तसाच पोचतो.

आणि आता हृदयाचं. हा भाग मला सर्वांत जास्त सांगावासा वाटतो.

हृदयात सतत रक्त असतं, तरी त्याला आतून ते वापरता येत नाही. डाव्या निलयाची भिंत जवळजवळ एक सेंटिमीटर जाड असते, तिच्यातून प्राणवायू झिरपून पलीकडे जाऊ शकत नाही. म्हणून महाधमनीच्या झडपेच्या लगेच वर दोन छोट्या धमन्या फुटतात, त्या हृदयाच्या बाहेरून फिरतात आणि स्नायूत शिरतात. याच त्या करोनरी धमन्या, ज्यांच्यात ब्लॉकेज होतात. स्नायू आवळला की त्याच्या आतल्या वाहिन्याही चिरडल्या जातात. त्यामुळे डाव्या निलयाला मिळणाऱ्या रक्ताचा मोठा वाटा हृदय सैल असताना पोचतो. सगळ्या शरीराला हृदय आवळताना रेटा देतं आणि स्वतःचं पोट मात्र सैल पडल्यावर भरतं. त्या वेळी त्याला वाढणारा कोण? महाधमनीत टिकलेला दाब, म्हणजे तोच खालचा आकडा.

कडक महाधमनीने इथे हृदयाची दोन्हीकडून कोंडी होते. १६० च्या दाबाविरुद्ध ढकलायचं म्हणून काम वाढलं, आणि खालचा दाब उतरला म्हणून खाणं घटलं. इतर स्नायूंना अशा वेळी एक सोय असते. विश्रांतीत ते रक्तातला थोडाच प्राणवायू घेतात, गरज पडली की जास्त ओढून घेतात. हृदय विश्रांतीतही आलेल्या रक्तातला ७० टक्क्यांच्या आसपास प्राणवायू काढून घेतं. त्यामुळे जास्त प्राणवायू हवा असेल तर जास्त रक्त यायला हवं, दुसरा मार्गच नाही. नाडी वेगाने पडायला लागली की आवळण्याचा वेळ थोडा कमी होतो, सैल पडण्याचा वेळ मात्र फार आक्रसतो. मिनिटाला १५० ठोक्यांना हृदयाला भरायला आणि खायला मिळून जेमतेम ०.२ सेकंद मिळतात. जिने चढताना छातीत दाटून येणं आणि थांबल्यावर दोन-चार मिनिटांत बरं वाटणं, याच्यामागे हा हिशेब असतो. आईंना असं होत असेल तर वय झालं म्हणून सोडून देऊ नका.

वर्षानुवर्षं जास्त दाबाविरुद्ध ढकलून डावा निलय जाड होतो. जाड स्नायू ताकदवान दिसतो, पण तो नीट सैल पडत नाही. सैल पडणं म्हणजे स्नायूने नुसतं काम सोडणं नव्हे. आवळण्यासाठी पेशीत सुटलेलं कॅल्शियम पुन्हा आत ओढून घ्यावं लागतं आणि त्याला ऊर्जा खर्च होते. मृत्यूनंतर शरीर ताठतं त्याचं कारणही हेच, ऊर्जा संपली की स्नायूला सुटता येत नाही. निलय सैल पडला नाही तर तो भरत नाही, रक्त मागे फुप्फुसांत तुंबतं आणि दम लागतो.

इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करताना मी रुग्णाकडे पडदा वळवतो. जाड भिंत, मध्ये छोटी पोकळी, आणि झडपेतून आत येणारं रक्त अडखळत येताना दिसतं. रिपोर्टवर मात्र 'पंपिंग ६० टक्के' असतं. मग दोन प्रकारची माणसं भेटतात. काहींना वाटतं ४० टक्के हृदय गेलं. तसं अजिबात नाही. निलयात १२० मिलिलिटर रक्त भरलं आणि ७० बाहेर गेलं तर ते ५८ टक्के होतं, आणि निरोगी हृदयही इतकंच रिकामं होतं. काहींना वाटतं ६० टक्के म्हणजे हृदय उत्तम, मग दम लागतो तो मनाचा खेळ. हेही खरं नाही. तो आकडा फक्त रिकामं होण्याचा आहे, भरण्याबद्दल तो काही सांगत नाही. पंपिंग चांगलं असूनही हार्ट फेल्युअर होऊ शकतं, आणि वयस्क, जुन्या बीपीच्या स्त्रियांमध्ये ते विशेष आढळतं. अशा हृदयात वरच्या कप्प्यांनी शेवटी दिलेला छोटा धक्का भरण्यासाठी फार मोलाचा असतो. म्हणून नाडी अचानक अनियमित झाली, वरचे कप्पे नुसते थरथरू लागले, की काल चालणारं माणूस आज पायरी चढू शकत नाही.

महाधमनीच्या पुढची गोष्ट लवकर सांगतो. धमन्या फुटत फुटत अगदी बारीक होतात. या बारीक धमन्यांच्या भिंतीत स्नायू असतो, आणि शरीराचे खरे नळ म्हणजे ह्याच. वाहिनीची त्रिज्या निम्मी झाली तर प्रवाह निम्मा होत नाही, सोळाव्या भागावर येतो. त्यामुळे थोडंसं आवळणं किंवा सैल होणं पुरतं. विश्रांतीत सगळ्या स्नायूंना मिळून मिनिटाला एक लिटरच्या आसपास रक्त मिळतं, जोरदार व्यायामात तेच पंधरा लिटरच्या वर जातं. वाहिन्यांच्या आतून पेशींचा एकच थर अस्तरासारखा असतो. रॉबर्ट फर्चगॉट यांनी १९८० मध्ये दाखवलं की हे अस्तर शाबूत असेल तरच एका विशिष्ट औषधाने धमनी सैल होते, खरवडून काढलं तर होत नाही. अस्तरातून निघणारा तो निरोप्या म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा साधा वायू, हे नंतर कळलं. १९९८ साली फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फेरिड म्युराड यांना यासाठी नोबेल मिळालं. चालण्याचा व्यायाम धमन्यांना मानवतो त्यातलं एक कारण हेच, प्रवाह वाढला की अस्तर हा वायू जास्त सोडतं. धूम्रपानाने पहिला मार बसतो तो याच अस्तराला.

बारीक धमन्यांच्या पुढे केशवाहिन्या. तांबडी रक्तपेशी सात-आठ मायक्रोमीटरची असते आणि वाहिनी बऱ्याचदा त्याहून अरुंद, त्यामुळे पेशी अंग दुमडून एकामागून एक जातात. महाधमनीत सेकंदाला काही इंच धावणारं रक्त इथे सेकंदाला एक मिलिमीटरपेक्षाही हळू चालतं. देवाणघेवाणीला तेवढा वेळ लागतोच. हार्वेंना ही जोडणी दिसली नव्हती. मार्सेलो माल्पिगी यांनी १६६१ मध्ये बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली ती पाहिली. प्राणवायू रक्तात नुसता विरघळून भागत नाही. १०० मिलिलिटर रक्तात विरघळलेला असतो जेमतेम ०.३ मिलिलिटर, हिमोग्लोबिनला चिकटून येतो २० च्या आसपास. म्हणून हिमोग्लोबिन निम्म्यावर आलं तर फुप्फुसं आणि हृदय दोन्ही निरोगी असूनही पोचणारा प्राणवायू निम्मा होतो, आणि हृदयाला ती तूट जास्त रक्त फिरवून भरावी लागते. आईंचं हिमोग्लोबिन तपासलं नसेल तर तपासा. ते खूप कमी असेल तर दोन आकड्यांमधलं अंतर त्यानेही वाढतं.

परतीची वाट शिरांची. शरीरातलं जवळजवळ दोन तृतीयांश रक्त कुठल्याही क्षणी शिरांमध्ये असतं. तिथला दाब अगदी थोडा, मग पायातलं रक्त वर कसं चढतं? हे तुम्ही स्वतःच्या हातावर पाहू शकता, हार्वेंनी असंच दाखवलं होतं. हात खाली सोडून ठेवा, शिरा फुगू द्या. पुढच्या हातावर एक सरळ शीर निवडा. मनगटाकडच्या टोकाला एका बोटाने ती दाबून धरा आणि दुसऱ्या बोटाने रक्त कोपराकडे पुसत न्या. मग वरचं बोट उचला. दाबलेल्या बोटापासून पुढच्या गाठीपर्यंत शीर चपटी राहते, वरचं रक्त खाली येत नाही. ती गाठ म्हणजे झडप. आता खालचं बोट उचला, शीर खालून वर झर्रकन भरते. रक्त एकाच दिशेने जातं हे यापेक्षा सोपं करून सांगता येणार नाही. पायात अशाच झडपा असतात आणि चालताना पोटऱ्या शिरांना पिळून रक्त वर ढकलतात.

आपण उठून उभे राहिलो की अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त खाली पायांकडे आणि पोटाकडे सरकतं. हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं आणि दाब पडायला लागतो. मानेतल्या धमनीच्या भिंतीत दाब ओळखणाऱ्या नसा (मज्जातंतू) असतात. त्या एक-दोन ठोक्यांत मेंदूला कळवतात, मग नाडी वाढते, वाहिन्या आवळतात आणि आपल्याला काही जाणवतही नाही. ज्या भिंतीत या नसा असतात तीच कडक झाली तर ताण कळत नाही. म्हणून बसल्यावर १६० असणाऱ्या वयस्क माणसाला उठल्यावर अंधारी येऊ शकते. दोन्ही तक्रारींचं मूळ एकच.

आता आईंसाठी काय करायचं ते. वरचा आकडा "शंभर अधिक वय" इतका चालतो हा जुना नियम विसरा. तो चुकीचा ठरून बराच काळ झाला. ६० वर्षांवरच्या, वरचा आकडा १६० किंवा जास्त आणि खालचा ९० च्या आत असलेल्या लोकांवर अमेरिकेत एक मोठी चाचणी झाली, शेप नावाची. निम्म्यांना लघवी वाढवणाऱ्या साध्या गोळीपासून उपचार सुरू केले, निम्म्यांना औषधाविना गोळी दिली. १९९१ मध्ये निकाल आला, तेव्हा उपचार घेणाऱ्यांमध्ये पक्षाघाताचं प्रमाण ३६ टक्क्यांनी कमी होतं. म्हणजे १६०/७० ला उपचार लागतात आणि त्यांचा उपयोग होतो.

पण त्याआधी मोजणी नीट करा. पाच मिनिटं शांत बसवा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, लघवीला जाऊन आलेलं, मोजताना बोलायचं नाही. पट्टा दंडाच्या मापाचा हवा, लहान पट्ट्याने आकडा खोटा वाढतो. दंड हृदयाच्या पातळीला ठेवा, दहा सेंटिमीटर खाली लोंबला तर सात-आठ अंक जास्त येतात. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा, आठवडाभर सकाळ-संध्याकाळ लिहून ठेवा आणि ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा. त्यांना स्टेथोस्कोपने झडपेचा आवाज ऐकायला आणि एकदा इको करायला सांगा, कारण महाधमनीची झडप गळत असेल तरी अगदी असेच आकडे येतात आणि त्याचे उपचार वेगळे असतात. थायरॉइडची ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करत असली तरी अंतर वाढतं. मूत्रपिंड, साखर आणि ईसीजी या तपासण्या तर करायलाच हव्यात.

औषध सुरू झालं की वरचा आकडा हळूहळू उतरवायचा असतो, आठवड्यांच्या हिशेबाने. खालचा आधीच ७० आहे आणि हृदयाचं खाणं त्यावर अवलंबून आहे, म्हणून डॉक्टर डोस सावकाश वाढवतील. "चार दिवस झाले, अजून १५० च आहे" म्हणून स्वतःहून दुसरी गोळी देऊ नका, आणि एकदा १३० आला म्हणून बंदही करू नका. मीठ कमी करणं आणि रोज चालणं हे औषधाइतकंच गंभीरपणे घ्या. या वयात मिठाचा परिणाम वरच्या आकड्यावर तरुणांपेक्षा जास्त दिसतो.

आणि एक मोजणी जी घरी कोणीच करत नाही: बसून मोजल्यावर आईंना उभं करा, आधाराला कोणीतरी शेजारी असू द्या, आणि एका मिनिटाने व तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला, किंवा उठल्यावर अंधारी आली, तर पुढचा डोस वाढवण्याआधी ते डॉक्टरांना सांगा.